अकरा जण कोणी निवडायचे?

निवडीचे वाद आपल्या घरांना नवे नाहीत. गणेशोत्सवाच्या नाटकात नायक कोणी व्हायचे, गायनाच्या कार्यक्रमात आधी कोणाला बसवायचे, यावर आपल्या मंडळांत जेवढा खल होतो तेवढा जमाखर्चावर होत नाही. क्रिकेटच्या बाबतीत तर प्रत्येक घरात एक निवड समिती कायमची बसलेली असते. आजोबा अध्यक्ष, काका सचिव, आणि स्वयंपाकघरातून येणारे मत बहुधा निर्णायक. या समितीचा निर्णय कोणावर बंधनकारक नसे, म्हणूनच ती इतकी वर्षे सुखाने चालली.

गेल्या काही वर्षांत या घरगुती समितीच्या हातात मोबाईल आला आणि तिच्या मतावर पैसे लागू लागले. सामन्याआधी दोन्ही संघांतून आपले अकरा खेळाडू निवडायचे, रात्री त्यांच्या धावा-बळींचे गुण मोजायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नवा संघ. हा ‘फँटसी’ खेळ मूळचा अमेरिकेतल्या बेसबॉलचा. तो लष्करच्या गल्ल्यांपर्यंत कसा आला, आणि तो येण्यापूर्वी आपल्याकडे अकरा जण निवडण्याचा अधिकार कोणाकडे होता, याचा मागोवा आम्ही येथे घेत आहोत.

राजाश्रयाचा काळ

दौलतराव शिंद्यांनी १८१० साली ग्वाल्हेरला तळ दिला आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर हे शहर झाले. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज त्या छावणीच्या मागोमाग आले. कोणी शिलेदार, कोणी कारकून, कोणी भिक्षुक, कोणी गवई. संस्थानात माणूस निवडण्याची रीत एकच होती. दरबाराच्या नजरेत भरला की त्याची नेमणूक होई. गवयाला जसा तनखा, तसाच पहिलवानाला खुराक. खेळाडूही याच वाटेने संस्थानांत आले.

याचे ग्वाल्हेरातले सर्वांत मोठे नाव म्हणजे कॅप्टन रूपसिंह. मेजर ध्यानचंदांचे हे धाकटे बंधू ग्वाल्हेर संस्थानच्या सैन्यात होते. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला २४-१ असे हरवले, त्यांतले १० गोल एकट्या रूपसिंहांचे आणि ८ ध्यानचंदांचे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्येही ते होते. त्यांचे नाव दिलेले मैदान मुळात हॉकीचे. क्रिकेट तेथे नंतर आले.

क्रिकेटमध्ये हीच रीत इंदूरच्या होळकरांनी पूर्णत्वाला नेली. कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड, भाऊसाहेब निंबाळकर अशा खेळाडूंना होळकर संघाने एकत्र आणले. १९४१-४२ ते १९५४-५५ या १४ मोसमांत हा संघ १० वेळा रणजी करंडकाच्या अंतिम फेरीत पोचला आणि ४ वेळा जिंकला. निवडणारा गुणग्राहक असला की राजाश्रयातूनही उत्तम संघ उभा राहतो, याचा हा पुरावा.

पण निवडणाऱ्याने स्वतःलाच निवडले तर काय होते, हेही त्या काळाने दाखवले. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यावर कर्णधार म्हणून पोरबंदरचे महाराज गेले. आपला खेळ कितपत आहे हे त्यांना ठाऊक होते, म्हणून लॉर्ड्सवरील भारताच्या पहिल्या कसोटीत त्यांनी नेतृत्व नायडूंकडे सोपवले. १९३६ साली मात्र विजयनगरमचे महाराजकुमार कर्णधार होऊन गेले, तिन्ही कसोट्या स्वतः खेळले, आणि लाला अमरनाथांसारख्या खेळाडूला दौऱ्याच्या मध्यावर घरी परत पाठवण्यात आले. एकाने बाजूला होऊन संघाची शान राखली, दुसऱ्याने पुढे राहून ती घालवली.

पुण्याचा एक माळी

राजवाड्याबाहेरची निवड तरी निर्मळ होती का? या प्रश्नाचे उत्तर पुण्यात आणि मुंबईत सापडते, आणि ते प्रत्येक मराठी घराने लक्षात ठेवावे असे आहे. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले. पुण्याच्या युरोपियन जिमखान्यावर खेळपट्टीची निगा राखण्याचे काम ते तुटपुंज्या पगारावर करीत. तेथील कॅप्टन ग्रेग या फलंदाजाला ते सरावासाठी तासन्तास गोलंदाजी करीत. त्यांचा डावखुरा फिरकी मारा इतका तिखट होता की पुण्याच्या हिंदू क्लबाला त्यांना घ्यावेच लागले. मैदानावर चेंडू सर्वांच्या हातांतून फिरे. चहाच्या वेळी मात्र बाळूंचा पेला वेगळा, तोही मातीचा.

१९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी सर्व सामने मिळून शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही चौरंगी सामन्यांतील हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. १९२० साली कर्णधारपदाच्या वादातून त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली, आणि त्यावर मुंबईत मोठी चर्चा झाली. शेवटी १९२३ साली पळवणकर विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले, आणि त्या वर्षी हिंदूंनी स्पर्धा जिंकली.

ही हकिकत आम्ही मुद्दाम सांगतो. निवड करणाऱ्यांसमोर बाळूंचे आकडे होते, तरी जातीचा पडदा आड आला. ज्यांनी कोणी पुढे ‘खेळाडूचे आकडे पाहा, बाकी काही पाहू नका’ असा आग्रह धरला, त्या आग्रहाच्या मागे न्यायाची एक बाजू होती, हे विसरता कामा नये.

आकड्यांनाही मर्यादा असतातच. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून खेळताना भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. डॉन ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विक्रम ९ धावांवर आला होता. विक्रम आपल्याविरुद्ध नको म्हणून काठियावाडच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला. आणि एवढी मोठी खेळी करणाऱ्या या फलंदाजाला पुढे एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. उलट १९७१ साली निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपले निर्णायक मत वापरून पतौडींच्या जागी अजित वाडेकरांना कर्णधार केले, तेव्हा अनेकांना तो जुगार वाटला. त्याच वर्षी वाडेकरांचा संघ वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकून आला.

अमेरिकेतली जेवणाची मेज

बेसबॉल आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिला असेल, पण त्याचा एक गुण क्रिकेटशी जुळतो. हा सांघिक खेळ असला तरी त्यातली प्रत्येक झुंज दोघांची असते, एक चेंडू फेकणारा आणि एक मारणारा. त्यामुळे प्रत्येकाच्या नावावर काय जमा, काय खर्च, हे वेगळे लिहिता येते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हेन्री चॅडविक या इंग्लंडात जन्मलेल्या पत्रकाराने न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत बेसबॉलचे धावफलक क्रिकेटच्या धर्तीवर तक्त्यात मांडायला सुरुवात केली. आपल्या घरी रेडिओजवळ बसून वहीत धावा टिपणारे जे काका होते, त्यांचा आद्य पुरुष म्हणून चॅडविककडे बोट दाखवता येईल.

या तक्त्यांतूनच पुढचा खेळ निघाला. १९६० साली विल्यम गॅमसन या समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनमध्ये मित्रमंडळींसह असा डाव सुरू केला, की प्रत्येकाने खऱ्या खेळाडूंतून आपला संघ निवडायचा आणि मोसमाच्या शेवटी त्यांच्या आकड्यांवरून विजेता ठरवायचा. १९८० साली डॅनियल ओक्रेंट या लेखक-संपादकाने आणि त्याच्या मित्रांनी या डावाला नीट नियम दिले. प्रत्येकाला सारखी ठराविक रक्कम, तेवढ्यात लिलावात बोली लावून खेळाडू घ्यायचे. ही मंडळी न्यूयॉर्कच्या ज्या फ्रेंच खाणावळीत जमत, तिच्या नावावरून या प्रकाराला ‘रोटिसरी’ म्हणू लागले.

त्या काळी एक संघ निवडला की तो सहा महिने सांभाळायचा असे. खेळाडू जायबंदी झाला, त्याचा सूर हरपला, तरी त्याच्यासोबत राहावे लागे. त्यात संसारासारखा धीर लागे. इंटरनेट आल्यावर ही मुदत आकसत गेली, आणि २००९ च्या सुमारास रोजचा फँटसी बेसबॉल अवतरला. दुपारी संघ निवडा, रात्री निकाल घ्या. अमेरिकेने २००६ साली इंटरनेटवरील जुगाराच्या पैशांना आळा घालणारा कायदा केला होता. त्यात या मोसमी, सहा महिन्यांच्या खेळाला सूट होती. रोजच्या खेळाने नेमक्या त्याच सवलतीचा आधार घेतला.

रोजचा संघ निवडण्याचे गणित असे असते. प्रत्येक खेळाडूला किंमत असते आणि तुमच्याकडे मोजकीच रक्कम. सगळे नामवंत घ्यायला गेलात तर पैसे पुरत नाहीत. म्हणून दोन-तीन महागडे घ्यायचे आणि उरलेल्या जागांसाठी असे स्वस्त खेळाडू शोधायचे, की ज्यांची किंमत ठरल्यानंतर त्यांचे नशीब पालटले आहे. आज कोणाला वरच्या क्रमांकावर बढती मिळाली, समोरचा गोलंदाज कोणत्या हाताचा, मैदान लहान की मोठे, वारा कोणत्या दिशेचा, हे सगळे पाहायचे. शिवाय हजारो लोकांच्या स्पर्धेत पहिले यायचे तर जे सर्वांनी घेतले आहे तेच घेऊन भागत नाही. एखादी निवड तरी जगावेगळी लागते. भाजी मंडईत संध्याकाळी जाऊन चांगला माल स्वस्तात उचलणाऱ्या आपल्या आज्यांना हे शास्त्र कोणी शिकवावे लागले नसते.

ग्वाल्हेरच्या मैदानावर

आपल्याकडे या शतकाच्या सुरुवातीला ‘सुपर सिलेक्टर’ नावाचा असाच एक खेळ एका क्रीडावाहिनीने लोकप्रिय केला होता. त्यानंतर २००८ हे वर्ष महत्त्वाचे. त्या फेब्रुवारीत मुंबईत आयपीएलचा पहिला लिलाव झाला, धोनीला १५ लाख डॉलरची बोली लागली, आणि खेळाडूची जाहीर किंमत ही गोष्ट घरोघर पोचली. त्याच वर्षी मुंबईत ‘ड्रीम इलेव्हन’ ही कंपनी निघाली. दोन्ही संघांच्या २२ खेळाडूंतून ११ निवडायचे, त्यासाठी १०० गुणांची पुंजी, कर्णधाराचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट, हा तिचा साचा ठरून गेला. बेसबॉलची चाल आणि क्रिकेटचे शब्द, असे ते पद होते.

या साच्यातून आपल्या शहरातले दोन सामने पाहण्यासारखे आहेत. २४ फेब्रुवारी २०१० रोजी रूपसिंह मैदानावर सचिन तेंडुलकरने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १४७ चेंडूंत नाबाद २०० धावा केल्या. पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधले हे पहिले द्विशतक. त्या दिवशी तेंडुलकरला कर्णधार करायला काही विशेष बुद्धी लागली नसती. ती लागते ६ ऑक्टोबर २०२४ सारख्या दिवशी. शंकरपूरच्या नव्या श्रीमंत माधवराव सिंधिया मैदानावरचा तो पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना, म्हणजे खेळपट्टीचा इतिहास शून्य. भारताकडून मयंक यादव आणि नितीशकुमार रेड्डी यांचे पदार्पण, म्हणजे आंतरराष्ट्रीय आकडेही शून्य. वरुण चक्रवर्ती तीन वर्षांनी संघात परतलेला. बांगलादेश १२७ धावांत आटोपला. अर्शदीप आणि वरुण यांनी तीन-तीन बळी घेतले, आणि मयंकने आपले पहिलेच षटक निर्धाव टाकले. वरुणवर ज्याने विश्वास टाकला त्याला अंदाज होता, की नशीब होते?

ऋतुपर्णाची विद्या

हाच प्रश्न कायद्यापुढे आणि त्याच्या कितीतरी आधी पुराणांपुढे उभा राहिला आहे. नळ-दमयंतीच्या कथेत नळ द्यूतात राज्य घालवतो आणि पुढे वेषांतर करून ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. रथ भरधाव जात असताना ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे नजर टाकून त्याची पाने आणि फळे किती ते सांगतो. नळ रथ थांबवून मोजतो तर आकडा बरोबर. मग नळ त्याच्याकडून अक्षविद्या शिकतो, बदल्यात त्याला अश्वविद्या देतो, आणि पुन्हा डाव मांडून राज्य परत मिळवतो. पूर्वी फासे बेहड्याच्या फळांचेच असत, हे ध्यानात घेतले की कथेचा अर्थ उलगडतो. मोजण्याची विद्या ज्याला येते त्याच्यासाठी द्यूत निराळे असते. पण कथा हेही सांगते की नळाने विद्येशिवाय खेळून आधी सर्वस्व घालवले होते.

इंग्रजी अमदानीतल्या १८६७ च्या जुगारविरोधी कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले, आणि तेव्हापासून कौशल्य कोठे संपते व दैव कोठे सुरू होते याचा कोर्टात कीस पडत आला. स्वातंत्र्यानंतर वृत्तपत्रांतली बक्षिसांची शब्दकोडी हे त्याचे रणांगण झाले. १९५५ च्या कायद्याने अशा स्पर्धांची बक्षिसे महिन्याला १००० रुपयांच्या आत आणली, आणि १९५७ साली चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा व्यापार म्हणून मूलभूत हक्कांत बसत नाही, कौशल्याची स्पर्धा मात्र बसते, असा निवाडा दिला. पुढे १९६८ साली रमी आणि १९९६ साली घोड्यांच्या शर्यती कौशल्यात मोडल्या. २०१७ साली पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने फँटसी क्रिकेटलाही त्याच पंगतीत बसवले.

निवाडे आपापल्या जागी ठीकच. पण घरखर्चाची वही ठेवणाऱ्याने दुसरे एक साधे गणित करावे. समजा १०० जणांनी ५०-५० रुपये घातले. जमा झाले ५०००. चालवणाऱ्याने १५ टक्के ठेवून घेतले तर उरले ४२५०. म्हणजे सगळे सारखेच हुशार असले तरी ५० घालणाऱ्याला सरासरी साडेबेचाळीसच परत येणार, आणि तेही सारखे वाटले जात नाहीत, वरच्या थोड्यांकडे जातात. कौशल्य असलेल्याने जिंकायचे ते दुसऱ्याच्या अज्ञानातून. आमच्या परिचयाच्या एका घरात मुलाच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेली रक्कम दोन आयपीएल मोसमांत अशी थोडी थोडी झिरपून गेली. एकदम गेली असती तर लक्षात आली असती. पन्नास-पन्नासाने गेली म्हणून कोणाला कळली नाही.

मुंबईला हा अनुभव आधीच होता. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होतानाचे भाव तारेने मुंबईत येत आणि त्यांच्या आकड्यांवर गिरणगावातले कामगार आपला पगार लावीत. त्यातूनच पुढे मटका निघाला. अमेरिकेतून आकडे येणे आणि आपल्याकडे त्यावर घरे रिकामी होणे, याचा हा दुसरा फेरा म्हणायचा.

२०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. त्याच्या बरोबर पाच दिवस आधी, २२ ऑगस्टला, ऑनलाईन खेळांच्या नव्या कायद्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाईन खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, चालवता येणार नाही, असे या कायद्याने म्हटले. दीडशे वर्षांची कौशल्य-नशिबाची सीमारेषा एका कलमाने बाजूला पडली. शिक्षा चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. पैशाच्या स्पर्धा बंद झाल्या, आणि भारतीय संघाच्या अंगावरच्या सदऱ्यावरून त्या कंपनीचे नावही उतरले.

मत द्यावे, पैसे लावू नयेत

कायदा पैशाचे पाहील. निवडीचे काय करायचे, हे आपण ठरवायचे आहे. कारण त्या खेळात टाकून देण्यासारखे सगळेच नव्हते. आपल्या मुलांना त्याने दुय्यम संघातल्या गोलंदाजांची नावे शिकवली, खेळपट्टी वाचायला लावले, सरासरी म्हणजे काय हे शाळेपेक्षा लवकर कळले. आणि निवडताना त्यांनी कोणाची जात-पात विचारली नाही. पळवणकरांच्या काळात हे घडते तर बाळू पहिल्याच दिवशी कर्णधार झाले असते.

फक्त त्या गुणांच्या तक्त्यात सगळे मावत नाही, हे मुलांना सांगायला घरात कोणी मोठे असावे लागते. २०२२ साली मध्य प्रदेशने मुंबईला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. अंतिम सामन्यात यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार यांची शतके आकड्यांत दिसतात. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित दिसत नाहीत. १९९९ साली त्याच बेंगळुरूच्या मैदानावर कर्णधार म्हणून ते अंतिम सामना हरले होते आणि २३ वर्षांनी ते देणे त्यांनी फेडले. त्याला कोणता तक्ता गुण देणार?

म्हणून आमची एक सूचना आहे. यंदा मंडळाच्या स्पर्धांत वक्तृत्व आणि पाककलेच्या जोडीला संघनिवडीची स्पर्धा ठेवावी. विषय असा: मराठी माणसांचा आणि मध्य भारताचा मिळून सार्वकालिक संघ. अट एकच, प्रत्येक नावामागचे कारण सर्वांसमोर उभे राहून सांगायचे. नायडूंना घ्यायचे की वाडेकरांना, निंबाळकरांना कितवे खेळवायचे, बाळूंच्या हाती नवा चेंडू द्यायचा की जुना, यावर आजोबा आणि नातवंडे भांडू देत. प्रवेश शुल्क नको. बक्षिसाला मोदकांचे एक ताट पुरे, आणि हरलेल्यांनाही त्यातला एकेक मिळावा.